आज्जाची धार, आज्जीचा वैल

आमच्या घरात दुधाचे दोन पंथ होते. आज्जाचं म्हणणं, दूध प्यावं तर म्हशीखालचं, चरवीतला फेस मोडायच्या आत. आज्जीचं म्हणणं, चुलीवर चढून वर आल्याबिगर दूध माणसाच्या पोटात जाता कामा नये. दोघांनी पन्नासाच्या वर वर्षं एका चुलीवरचं खाल्लं, पण या एका बाबतीत कुणी कुणाचं ऐकलं नाही. आज्जा गोठ्यातच पेला रिकामा करून यायचा. आज्जी त्याच्या हातातून चरवी काढून घ्यायची आणि आमच्याकडं बघून म्हणायची, "थांबा रं, तापू दे आधी." आम्ही पोरं दोन्हीकडची. गोठ्यात आज्जाची, सैपाकघरात आज्जीची.

हे सगळं पुन्हा वर आलं ते भाचीमुळं. ती कॅलिफोर्नियात असते. तिथं न तापवलेलं दूध बाटलीत भरून दुकानात विकायला कायद्यानं परवानगी आहे, आणि तिच्या ओळखीच्या काही आया मुलांना तेच देतात. मुलांचा दमा कमी होतो, पोटाला पचतं, दुधातला जीव शाबूत राहतो, असं त्या सांगतात. तिचा लेक चार वर्षांचा. ती मला विचारत होती, "मावशी, पणजोबा तर जन्मभर निरसंच दूध प्याले ना? म्हातारपणीही ताठ चालायचे म्हणे. मग मी लेकाला दिलं तर काय बिघडतंय?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो तिच्या एकटीचा नाही. फोनवर जे सांगितलं ते तुटक झालं. नीट सांगायचं तर आधी कोल्हापुरात जावं लागतं.

आमचं गाव पंचगंगेकाठचं, पण आज्जाचं तरुणपण गेलं कोल्हापूरच्या तालमीत. त्याचा बाप, म्हणजे माझा पणजा, खासबागेचं मैदान तयार झालं तेव्हा तिथं हजर होता असं घरात सांगत. मैदान झालं १९१२ साली. पणजा तेव्हा केवढा असेल याचा हिशेब कुणीच नीट मांडला नव्हता, पण शाहू महाराजांनी त्याच्या पाठीवर थाप मारली ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली, की ती थाप आम्हालाच मिळाल्यागत वाटायचं. महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, देशभरातले मल्ल करवीरात आणले, आणि पेठापेठांतल्या तालमी नांदत्या झाल्या. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं आज्जा घेतल्यावर त्याची पाठ आपोआप सरळ व्हायची.

तालीम आली की खुराक आला. जोर-बैठका मारून आलेल्या पोरासमोर कुंडी मांडलेली असायची. भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, चार मिरी, असं सगळं दांड्यानं घोटून त्याची थंडाई व्हायची. वरून लोणी, तूप आणि दूध. दुधाचा हिशेब पेल्यानं नव्हता, शेरानं होता. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, तेव्हा आज्जाचं कुस्तीचं वय उलटून गेलं होतं. तरी त्या दिवशी त्यानं गावात साखर वाटली म्हणे. आज्जी म्हणायची गूळ वाटला. काय वाटलं ते देव जाणे, पण वाटलं हे नक्की.

हे दूध यायचं कुठून? गवळ्यांकडून, आणि तेही म्हशीसकट. कोल्हापुरात गवळी म्हैस घेऊन दारात यायचा आणि तुमच्यादेखत धार काढून द्यायचा. महाराजांनीच गवळ्यांना ही रीत घालून दिली असं जुनी माणसं सांगतात. दुधात पाणी पडू नये, पैलवानाच्या पोराला अस्सल मिळावं, हा त्यामागचा विचार. त्याला साथ मिळाली ती पंढरपुरी म्हशीची. पाठीवरून मागं गेलेली लांबलचक शिंगं, अंग सुटसुटीत, आणि स्वभाव असा की रस्त्यात, चौकात, कुणाच्या अंगणात कुठंही उभी केली तरी पान्हा सोडणार. दुसऱ्या म्हशी जागा बदलली, माणूस बदलला की दूध चोरतात. हिचं तसं नाही. दिवाळीच्या पाडव्याला गवळी याच म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, गळ्यात घुंगरमाळा घालून त्यांची मिरवणूक काढतात. मालक हाक मारत पुढं पळतो आणि ती अवाढव्य म्हैस गर्दीतून बरोबर त्याच्या मागं धावत जाते. ज्यानं हे बघितलंय त्याला गवळी आणि म्हैस यांच्यातल्या मायेबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आज्जा मला बोटाला धरून न्यायचा. संध्याकाळची वेळ. कट्ट्याशेजारी म्हशी ओळीनं उभ्या, ओल्या शेणाचा आणि सरकीच्या पेंडीचा वास. गवळी उकिडवा बसायचा, चरवी दोन गुडघ्यांत धरायचा. आधी पाण्याचा हात कासेवरून फिरवायचा, चारी सड पुसायचा, रेडकाला क्षणभर तोंड लावू द्यायचा आणि ओढून बाजूला बांधायचा. मग पहिली धार चरवीत न घेता जमिनीवर सोडायची. ती धरणीमातेची, असं आज्जानं मला सांगितलं होतं. पुढं एका पशुवैद्यानं तीच गोष्ट दुसऱ्या अंगानं सांगितली. सडाच्या तोंडाशी जंतू साठलेले असतात, पहिल्या धारेबरोबर ते निघून जातात, आणि त्या धारेत गुठळी किंवा रक्ताची छटा दिसली तर म्हशीला दगडी होतेय हे कळतं. धरणीमातेच्या नावानं शहाणपणच चाललं होतं.

चरवीत धारेचा आवाज आधी टणटणीत यायचा, दूध भरत गेलं की घुमायला लागायचा. मग पेला भरून हातात. निम्मा फेस, निम्मं दूध, अंगाच्या उबेइतकं गरम. साखर नाही, काही नाही. चव गोडसर, मागं हिरव्या वैरणीचा हलका वास. तसलं दूध मी पुन्हा कुठं प्याले नाही, आणि त्या चवीला मी आजही नावं ठेवणार नाही. निरशा दुधाचे गुण मोजायला बसलं तर पहिला गुण हाच.

आज्जाकडं शास्त्राधारही असायचा. तालमीत येणाऱ्या कुणा वैद्यानं त्याला सांगून ठेवलं होतं, की धारोष्ण दूध म्हणजे अमृत. हे खरंच आहे, वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तसा उल्लेख आहे. पण मोठेपणी मी ते सगळं समजून घेतलं तेव्हा कळलं, की आज्जाला निम्मंच सांगितलं गेलं होतं. त्याच ठिकाणी वाग्भट म्हणतो, की न तापवलेलं दूध जड आणि अभिष्यंदी, म्हणजे शरीरातले मार्ग तुंबवणारं असतं. बेतानं तापवलेलं त्याच्या उलट, आणि फार आटवलेलं पुन्हा जड. म्हणजे अमृत कशाला म्हटलंय? तर सडातून निघालेल्या, अजून ऊब न गेलेल्या दुधाला. ते निवलं की त्याचं नाव निरसं दूध, आणि ते तापवून घ्यावं. भाचीच्या दुकानातली बाटली यंत्रानं धार काढून, थंड करून, गाडीतून शेकडो मैल येते. तिला धारोष्ण म्हणायला वाग्भटसुद्धा तयार झाला नसता.

आता आज्जीकडं यायला हवं. चुलीच्या बाजूला वैल होता. चुलीतली धग आतून तिकडं जायची. सकाळची धार आली की आज्जी दूध गाळायची, कल्हईच्या पातेल्यात ओतून चुलीवर चांगलं वर येऊ द्यायची, आणि मग पातेलं वैलावर सरकवायची. खाली एखाद्या गोवरीचा विस्तव. तिथं ते दूध दिवसभर बसलेलं. दुपारपर्यंत रंग बदामी व्हायचा, वर भाकरीएवढी जाड साय धरायची, आणि धुराचा एक वास दुधात उतरायचा. संध्याकाळी त्यातलं निम्मं विरजणाला. मग ताक, लोणी, तूप, आणि तूप कढवल्यावर खाली राहिलेली बेरी, जिच्यावर साखर घालून आम्ही भांडायचो. गाय-म्हैस व्याली की चिकाचा खरवस. तोही ती गूळ-वेलदोडा घालून वाफवायची, निरसा चीक कुणाला चाखू द्यायची नाही. तिच्या घरात कच्चं दूध फक्त देवाला जायचं, अभिषेकाच्या वाटीत.

आज्जीची शाळा दुसरीच्या पुढं गेली नव्हती. पण एवढी हट्टाला पेटायची त्याला कारण होतं. तिच्या थोरल्या बहिणीच्या गळ्याला लहानपणी गंडमाळा झाल्या होत्या. गाठी फुटल्या, वाहत राहिल्या, आणि त्यांचे सुरकुतलेले व्रण त्या मावशीआज्जीच्या गळ्यावर मरेपर्यंत होते. पदर गळ्याभोवती घट्ट ओढून बसायची तिची सवय मला आठवते. तिच्या माहेरी पोरांना गोठ्यातच दूध पाजायचे, म्हणून असं झालं, हे आज्जीचं मत. गंडमाळा म्हणजे बहुतेक वेळा गळ्यातल्या गाठींचा क्षय. तो क्षयाच्या माणसाकडूनही होतो, त्यामुळं त्या बाईला नेमका कुठून झाला हे आता कोण सांगणार? पण गुरांचा क्षय दुधातून पोरांच्या गळ्यात उतरतो हे मात्र खरं आहे. क्षयाचा जंतू १८८२ साली शोधणारे रॉबर्ट कॉख १९०१ साली लंडनच्या परिषदेत म्हणाले होते, की गुरांच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही. ब्रिटिशांच्या आयोगानं पुढं दहा वर्षं तपास करून १९११ पर्यंत त्याच्या उलट सिद्ध केलं. युरोपातली किती पोरं त्या दुधापायी गेली! आपल्याकडं गुरांत क्षय असूनही दुधातून तो माणसांत फारसा पसरला नाही, याचं श्रेय जाणकार मंडळी दूध उकळण्याच्या आपल्या सवयीला देतात. म्हणजे घरोघरच्या आज्ज्यांना.

आणि मग धाकट्या आज्जाचा ताप. धाकटा आज्जा म्हणजे आज्जाचा पाठचा भाऊ. गोठ्याचं सगळं त्याच्याकडं. एका साली गोठ्यातली एक म्हैस आठव्या महिन्यात गाभडली, तिच्यामागनं दुसरी. एकीची जार अडकली होती, ती त्यानं हातानं काढली. त्यानंतर काही आठवड्यांनी, की महिन्यांनी (घरातली माणसं इथं दोन गट पडून भांडत), त्याला ताप धरला. दिवसा बरा असायचा, सांज झाली की अंग तापायचं, रात्री घामानं घोंगडं भिजायचं. आठ-दहा दिवस बरे जायचे, वाटायचं गेला, की पुन्हा तेच. कंबर आणि गुडघे धरले. तालमीत कमावलेलं अंग, पण खाटेवरून उठवेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी टायफॉइड म्हटलं, मग क्षयाची शंका घेतली. देवर्षीही झाला. वर्ष-दीड वर्षानं ताप आपोआप सुटला, पण कंबर कायमची गेली.

आज मला वाटतं तो ब्रुसेलोसिस असणार. जनावरांत त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय-म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते, जंतू जारेत, स्रावात आणि पुढं दुधातही उतरतो. माणसाला तो निरशा दुधातून होतो, तसाच जारेत हात घातल्यानंही होतो. धाकट्या आज्जानं दोन्ही केलं होतं. आता रक्त तपासून निदान होतं आणि दोन प्रतिजैविकं सहा आठवडे घेतली की बहुतेक माणूस बरा होतो. तेव्हा बिचाऱ्यानं नुसतं सोसलं.

या तापाची हकिकत मी वाचली तेव्हा मला आमचं कोल्हापूरच समोर दिसलं. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं लहानसं बेट आहे. तिथं ब्रिटिशांची छावणी होती आणि सैनिक महिनोन्महिने अशाच चढत्या-उतरत्या तापानं झुरायचे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरला मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत त्याचा जंतू सापडला. पण तो अंगात शिरतो कुठून, ते कळेना. हवा, पाणी, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरानं बेटावरच्या शेळ्यांचं रक्त तपासलं, आणि शेळ्या निघाल्या जंतूंचं घर. तिथल्या गवळ्यांची रीत कशी होती? शेळ्यांचा कळप दारोदार न्यायचा आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ताजं दूध द्यायचं. शेळ्या तुकतुकीत, खात्यापित्या, आजाराची एक खूण नाही. १९०६ साली छावणीत शेळीचं दूध बंद केलं, आणि सैनिकांमधला तो ताप झपाट्यानं ओसरला.

समोर काढलेल्या दुधावर आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास, त्याची हद्द इथं दिसते. डोळ्यांदेखत धार काढली की त्यात पाणी नाही याची खात्री होते. गवळी स्वच्छ आहे, कास धुतलेली आहे, हेही दिसतं. पण जो रोग जनावराच्या रक्तात आणि कासेतच आहे तो डोळ्यांना कसा दिसणार? हात कितीही धुवा, चरवी कितीही घासा, तो दुधाबरोबरच बाहेर येतो. आज्जाची म्हैस त्याच्या जिवाभावाची होती, तो तिचा डोळा बघून ओळखायचा आज ती वैरण का खात नाही. त्या जवळिकीनं कितीतरी धोके टाळले असतील. सगळे टळले नाहीत, हे धाकट्या आज्जाच्या कमरेनं दाखवून दिलं.

आमचे एक चुलते मुंबईला गिरणीत होते. ते सुट्टीला आले की आज्जाची आणि त्यांची दुधावरून जुंपायची. ते आरेच्या बाटलीचं कौतुक सांगायचे. पहाटे केंद्रावर रांग, हातात कार्ड, काचेची बाटली, तिला पातळ पत्र्याचं झाकण. आज्जा विचारायचा, "कुणाच्या म्हशीचं रं ते?" चुलते म्हणायचे, "सगळ्यांच्या." आज्जाला हे अजिबात पटायचं नाही, आणि त्याच्या शंकेत तथ्य होतं. एका म्हशीचं दूध एका घरात जातं तेव्हा म्हैस आजारी असली तर एक घर आजारी पडतं. हजार म्हशींचं दूध एका टाकीत गेलं की एका म्हशीचा रोग हजार घरांत जाऊ शकतो. म्हणून तर शहराला दूध पाजायचं तर ते तापवणं भाग होतं.

त्याआधीची मुंबई कशी होती? भर वस्तीत तबेले, उकिरडे, माशा, आणि दुधात वाटेल ते पाणी. व्हर्गीस कुरियन यांनी आपल्या आत्मकथनात लिहिलंय, की मुंबईच्या दुधाचे नमुने तपासायला लंडनला पाठवले, तेव्हा ते तिथल्या गटाराच्या पाण्याहून घाण असल्याचा अहवाल आला. १९४५ च्या सुमारास सरकारनं मुंबईसाठी दूध योजना काढली. आणंदचं दूध पाश्चराइज करून रेल्वेनं मुंबईला यायला लागलं. त्याच धंद्यातल्या पिळवणुकीविरुद्ध खेडा जिल्ह्याचे शेतकरी उठले आणि १९४६ च्या डिसेंबरात त्यांचा सहकारी संघ झाला, ज्याला आपण अमूल म्हणतो. इकडं दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं १९४९ साली आरे कॉलनी उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी गोरेगावच्या मोकळ्या रानात गेल्या. १९६३ साली खुरोडी आणि अमूलचे कुरियन व त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ, आपला गोकुळ, तोही १९६३ चाच.

पुढं गावात दूध सोसायटी आली. ॲल्युमिनियमचे कॅन, दुधाची घनता बघायचा लॅक्टोमीटर, फॅट काढायच्या काचेच्या नळ्या, आणि गाडीचा पहाटेचा भोंगा. आज्जानं पहिल्या दिवशी कॅनमध्ये सगळ्या गावाचं दूध एकत्र ओतताना बघितलं आणि न बोलता घरी आला. पण दर दहा दिवसांनी हातात पैसे पडायला लागले, आज्जीच्या अंगावर नवं लुगडं आलं, तेव्हा त्याचा विरोध मावळला. पाश्चरायझेशन म्हणजे काय ते सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्याला समजावलं होतं. दूध ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवायचं, नाहीतर ७२ अंशाला १५ सेकंद, आणि लगेच गार करायचं. ही रीत फ्रान्सच्या लुई पाश्चरनं १८६० च्या दशकात दारू नासू नये म्हणून काढली, दुधाला ती पुढं लागली. आज्जानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी आमची म्हातारी रोज वैलावर करती त्येच की." आज्जीचं म्हणणं त्यानं उभ्या जन्मात मान्य केलं असेल तर ते एवढंच, आणि तेही ती समोर नसताना.

आता भाचीच्या मैत्रिणींच्या म्हणण्याकडं. ते सगळंच खोटं नाही, आणि खोटं म्हणून उडवून लावणं बरं नव्हे. तापवल्यानं दुधातलं क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं थोडी कमी होतात. पण क जीवनसत्त्वासाठी दूध कुणी पीतच नाही, त्याला आवळा-पेरू आहेत. दुधाचं खरं धन म्हणजे कॅल्शियम आणि प्रथिनं. ती वैलावर दिवसभर राहूनही जागच्या जागी राहतात. काही पाचक द्रव्यं उष्णतेनं मरतात हेही खरं. त्यातलं एक तर प्रयोगशाळेत मुद्दाम बघतात, ते शिल्लक दिसलं तर दूध नीट पाश्चराइज झालं नाही असं समजतात. पण माणसाला दूध पचवायला ती द्रव्यं लागतात असं काही नाही. ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांना निरसं दूध पचतं हा समजही अमेरिकेत २०१४ साली पडताळून बघितला गेला. त्यांना दोन्ही दुधांनी सारखाच त्रास झाला.

दम्याची गोष्ट जरा वेगळी. युरोपात शेतावर वाढणाऱ्या आणि गोठ्यातलं निरसं दूध पिणाऱ्या मुलांमध्ये दमा आणि ॲलर्जी कमी आढळते, असं मोठ्या पाहण्यांतून दिसलंय. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर हा गुण तापवलेल्या दुधात दिसला नाही, आणि निवळीतल्या प्रथिनांशी त्याचा संबंध असावा असं निघालं. म्हणजे आज्जाच्या पेल्यात काहीतरी होतं खरं. पण ज्या संशोधकांनी हे शोधलं त्यांनीच बजावलंय, की म्हणून मुलांना निरसं दूध द्या असं आम्ही म्हणत नाही. जंतू मारून तो गुण कसा राखता येईल, हा पुढचा शोध.

कारण दुसऱ्या पारड्यात जे आहे ते फार जड आहे. ब्रुसेलोसिस आणि क्षय सांगून झाले. शेणातून दुधात येणारे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आहेत. ई कोलायची एक घातक जात आहे, ती लहान मुलाच्या मूत्रपिंडावर जाते आणि हसतंखेळतं पोर चार दिवसांत अत्यवस्थ होतं. लिस्टेरिया आहे, तो थंड कपाटातही वाढतो आणि गरोदर बाईचा गर्भ घेतो. २०२४ साली अमेरिकेत दुभत्या गाईंना बर्ड फ्लू झाला, त्यांचं निरसं दूध प्यालेली गोठ्यातली मांजरं मेली. त्याच साली कॅलिफोर्नियात दुकानांतल्या निरशा दुधात तो विषाणू सापडून माल परत मागवावा लागला. भाचीच्या गावापासून हे लांब नाही. आपल्याकडंही पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या म्हशीचं दूध प्यायल्याचं कळलं की अख्खी वाडी दवाखान्यात लस घ्यायला रांग लावते, अशा बातम्या दरसाल येतात.

कुणी म्हणेल, आज्जाला काही झालं नाही. नाही झालं. पण ज्यांना झालं ते आपल्या आठवणीत आज्जाएवढे ठळक नसतात. तान्हेपणी हगवणीनं गेलेली पोरं, तापानं झुरलेले भाऊ, गळ्याला पदर ओढून बसलेल्या बहिणी. माझ्या आज्जीची पाळण्यातली दोन लेकरं गेली. कशानं, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. कोल्हापूरचा ताठ म्हातारा आठवताना त्याच घरातली ही माणसंही आठवायला हवीत. तालमीत जोर मारून दूध पचवणारा गडी आणि चार वर्षांचं पोर, यांचं अंग एक नव्हे.

म्हणून भाचीला मी स्वच्छ सांगितलं. लेकाला निरसं दूध देऊ नको. पोटात बाळ असेल तेव्हा तू घेऊ नको. घरात म्हातारं माणूस असलं, कुणाचं औषधपाणी मोठं चालू असलं, तर त्यांनाही नको. दूध ताजं, चांगल्या गोठ्यातलं मिळत असेल तर जरूर घे, घरी आणून एकदा चांगलं उकळ, भराभर गार कर आणि थंड कपाटात ठेव. दही लाव, साय काढ, तूप कढव. पणजीच्या हातचं जे काही तुला द्यायचंय ते त्यात सगळं आहे. त्याला दमा होऊ नये असं वाटतंय ना, तर मातीत खेळू दे, गुराढोरांत वावरू दे, आणि हात धुऊन जेवायला बसव.

गावाकडच्या भाचरांनाही माझं सांगणं आहे, कारण गोठा आता त्यांच्या हातात आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस एकदाच टोचून घ्यायची असते. २०१९ पासून केंद्राच्या योजनेतून ती फुकट मिळते. बाहेरून जनावर विकत आणलं तर रक्त तपासल्याशिवाय दावणीला बांधू नका. म्हैस गाभडली तर जारेला उघड्या हातानं शिवू नका, ती खोल पुरा आणि डॉक्टरला बोलवा. पाडव्याला म्हशीच्या शिंगांना रंग लावता, तेवढ्याच हौसेनं तिच्या पारडीला लस टोचून आणा. आणि धार काढून झाली की चरवी आधी सैपाकघरात नेऊन द्या. पेले त्यानंतर भरा.